पांढऱ्या शेंड्याची टोपी

आपलं बेट,
बटाट्याची लावणी आटोपल्यावरचा मंगळवार

तीर्थस्वरूप मामांना, जावई सिप्रियान याचा टोपी काढून नमस्कार.

(टोपी काढून हे मुद्दाम लिहिलं आहे. का, ते पुढे येईल. वाचताना फार हसू नका. हसलात की तुम्हाला खोकला येतो, आणि मग माझ्या मेहुण्याची, तेओदोरोची, बायको तिकडून मला बोल लावते.)

समोरासमोर असतो तर आधी कमरेच्या पिशवीतली कोकाची पानं एकमेकांच्या हातावर ठेवली असती आणि मगच तोंड उघडलं असतं. पत्रात ती सोय नाही. म्हणून पाकिटात तीन चांगली पानं निवडून घातली आहेत, ती तुम्ही चघळा. तुम्ही मला दिली असं समजून माझ्याच पिशवीतली तीन मी तोंडात टाकली आहेत. रीत झाली. आता सांगा, गुडघे कसे आहेत? अरेकिपा शहरात घरापर्यंत मोटार येते, एकही पायरी चढावी लागत नाही असं तेओदोरो कौतुकाने सांगत असतो. पण पायऱ्याच नाहीत तर माणसाने टेकायचं कुठे आणि गप्पा कुठे मारायच्या, हे त्याने सांगितलेलं नाही. इकडे सगळं क्षेम आहे. लावणी झाली, मेंढ्या बऱ्या आहेत, सरोवर आहे तिथेच आहे. तुमच्या वाटचे वाळवलेले बटाटे पुढच्या होडीने पाठवतो. तिकडच्या बटाट्याला चव नसते हे तुम्ही न सांगताही मला ठाऊक आहे.

क्षेमकुशल संपलं. आता गाऱ्हाणं. ते तुमच्या लेकीबद्दल आहे. (नीट वागते तेव्हा ती फाउस्तिना, माझी बायको. बाकीच्या वेळी ती तुमची लेक. या पत्रात ती बराच वेळ तुमची लेक राहणार आहे, त्याला माझा इलाज नाही.)

तर झालं असं, की तुमच्या लेकीने बायकांची विणकामाची शाळा काढली. शाळा म्हणजे फळा आणि खडू नव्हे. बेटावरच्या ज्या बायका आपापल्या अंगणात एकट्या बसून विणत होत्या, त्यांनी एकत्र बसायचं, म्हाताऱ्यांनी पोरींना शिकवायचं, प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात विणणारीचं नाव घालायचं, आणि विकायला नवऱ्याच्या हाती न देता स्वतः होडीत बसून पुनोच्या बाजारात जायचं. मी म्हटलं, उत्तम. पंच म्हणून बोललो मी तसं. (यंदा गावाने मला पंच केलं आहे. टोपीवर काळी हॅट आणि हातात काठी. तेओदोरोने सांगितलं नसेल, त्याला दुसऱ्याचं बरं सांगायला जड जातं.) पण बसायचं कुठे, हा प्रश्न आला तेव्हा तुमच्या लेकीने मला विचारलंही नाही. माझं अंगण!

मामा, तुम्ही आमचं अंगण पाहिलं आहे. दोन मेंढ्या आणि एक जावई एवढीच त्याची ऐपत. त्यात पंधरावीस मागांच्या खुंट्या ठोकल्या. एकेका मागाला चार खुंट्या, जमिनीलगत ताणलेला ताणा, आणि मधून चालायला मांजरालाही वाट नाही. चुलीपासून खाटेपर्यंत जायला मी कुंपणाच्या भिंतीवर चढून कडेकडेने जात होतो. एकदा पाठीवर घेवड्याचं पोतं घेऊन तसाच निघालो आणि थेट दोमितिलाकाकींच्या मागात उतरलो. काकींना आता दिसतं कमी, पण ऐकू येतं सगळं. त्या हातातल्या, लामा जनावराच्या हाडाने बाणा ठोकता ठोकता म्हणाल्या, “कोण मेंढी आली गं?” सगळ्या हसल्या. तुमची लेक सर्वांत मोठ्याने हसली. शिवाय स्वयंपाक माझ्याकडे आला. किन्वाचं सार मला आता असं जमतं की तुम्ही बोटं चाटाल, पण हे गावात सांगू नका.

आणि त्यांची भांडणं! आपल्या कमरपट्ट्यावर बारा महिन्यांच्या बारा खुणा असतात ना, त्यातली ऑगस्टची जुनी खूण नेमकी कशी, यावर अंगणात असा गदारोळ झाला की शेजारचा कोंबडा पळून गेला. दोमितिलाकाकी म्हणे नांगराआधीचं रिकामं शेत, दुसरी म्हणे वारा, तिसरी म्हणे माझ्या आजीच्या पट्ट्यात तिथे पक्षी होता. पाच म्हाताऱ्या आणि सहा मतं. शेवटी पोरींनी पट्टा विणताना ऑगस्टची जागा कोरी सोडली. इतक्या जणी मिळून एक महिना हरवून बसल्या, याचं मला फार हसू आलं. फाउस्तिनाला आलं नाही. ती रात्री जेवलीसुद्धा थोडं.

(बघा, तिचं नाव लिहून गेलो. चुकून झालं.)

खरी अडचण पुढे होती. पाऊस डोक्यावर आलेला. उघड्यावरचा ताणा गारांत सापडला की संपला. छप्पर हवं, आणि खाली मातीची जमीन हवी, कारण खुंटी मातीत जाते. चर्चमध्ये दगड, शाळेत सिमेंट. बेटावर छप्पर आणि माती दोन्ही असलेली लांब जागा एकच, धक्क्यावरून पायऱ्या चढून आलं की लागणारं गावाचं जुनं कोठार. पावसाआधी कोठार मिळालं तर बायकांची शाळा टिकणार, नाही मिळालं तर प्रत्येकीने आपला माग गुंडाळून आपल्या चुलीशी परत जायचं. आणि एकदा परतलेली बाई पुन्हा बाहेर पडत नाही, हे त्यांना माहीत होतं. मी एकदा म्हणालो, अगं, पावसाळ्यापुरतं जाल घरी, त्यात काय बिघडलं? तर खुंटी उपटता उपटता तुमची लेक म्हणाली, “नवऱ्याच्या अंगणात बसलो की आम्ही अमक्याची बायको आणि तमक्याची सून. आमच्या जागेत बसलो की आम्ही विणकर.” मी सार ढवळायला गेलो.

ते कोठार मेलितोनशेठला हवं होतं. (तेच ते, दोन होड्यांचे धनी. तुमच्या वेळी एकच होडी होती आणि तिलाही भोक होतं.) त्यांना तिथे होडीची इंजिनं ठेवायची होती. रविवारी चौकात गावसभेपुढे दोघांचे अर्ज येणार, आणि सभेचा पंच कोण? मी. एका बाजूला गावातला वजनदार माणूस, दुसऱ्या बाजूला बायको. आड आणि विहीर म्हणतात ते हेच, आणि दोन्हीकडे पाणी खोल.

त्या सभेच्या आदल्या आठवड्यात टोपीचं प्रकरण घडलं. चुलीत फुंकर घालायला वाकलो आणि टोपीचा लोंबता शेंडा गोंड्यासकट निखाऱ्यांत. विझवेपर्यंत वरची अर्धी टोपी गेली. दुसरी टोपी अर्धवट सुयांवरच होती, कारण टोपी आपल्यात पुरुषानेच विणायची, आणि वर्षभर मी विणायचं सोडून भांडी घासतो आहे. जळलेला भाग उसवला आणि पुन्हा विणायला बसलो, तर घरात लाल सूत नाही! एक वीतभरसुद्धा नाही. किरमिजी किड्याचा रंग दिलेलं सगळं लाल सूत शाळेच्या ताण्यात गेलेलं. शिल्लक फक्त पांढरं. मी म्हटलं, नाहीतरी वर काळी हॅट असते, कोण बघतंय? दोन दिवस बसून घट्ट, टाक्याला टाका भिडवून पांढरा शेंडा विणला आणि टोपी घालून चौकात गेलो.

मामा, तुम्ही शहरात राहता, तिथे लोक वाटेल ते डोक्यावर घालतात, म्हणून आठवण करून देतो. पूर्ण लाल टोपी लग्न झालेल्याची. खाली लाल आणि वर पांढरी ती बिनलग्नाच्याची. हॅट काळी असली तरी शेंडा मागून लोंबतोच. मी मात्र काठी आपटत, भारदस्त पावलं टाकत चौक ओलांडला. पहिल्यांदा पोरी खुदखुदल्या. मग एका म्हाताऱ्याने माझा हात धरून विचारलं, “फाउस्तिना कधी गेली रे? कळवलं नाहीस.” मी म्हटलं, सकाळीच गेली. (ती लोकर आणायला गेली होती.) त्याने डोळे पुसले. संध्याकाळपर्यंत निम्म्या बेटाला वाटलं की ती वारली, आणि उरलेल्या निम्म्याला तिने मला सोडल्याचं पक्कं ठाऊक झालं. त्याच संध्याकाळी विधवा विसेंताबाईंकडून झाकलेल्या भांड्यातून उकडलेला घेवडा आला, वर चीज किसलेलं. मी तो खाल्ला. सांत्वनाचं अन्न परत करू नये.

फाउस्तिना लोकर घेऊन घरी आली, रिकामं भांडं पाहिलं, माझा शेंडा पाहिला, आणि इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पण शनिवारी तिचं हसू गेलं. कारण मेलितोनशेठ घरोघर सांगत सुटले होते, बघा, बायका एकत्र बसल्या आणि पहिलं घर पंचाचंच मोडलं. मी म्हटलं, मी टोपी घालतच नाही. ती म्हणाली, उघड्या डोक्याने सभेला गेलात तर वेडही लागलं म्हणतील. घाला तीच.

रविवारी चौक भरला. पुरुष एका बाजूला, बायका भिंतीकडेला चात्या फिरवत. आधी मेलितोनशेठ उठले. म्हणाले, बायकांनी विणू नये असं माझं म्हणणं नाही, घरी बसून विणा ना! दहा बायका जमल्या की जिभा चालतात, हात थांबतात आणि कापड सैल होतं. कापड सैल झालं की घर सैल होतं. पुरावा पाहिजे? आणि त्यांनी माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं. सगळा गाव माझ्या शेंड्याकडे बघू लागला. मी उठलो. पंचाने कसं मोजकं आणि वजनदार बोलावं. मी म्हणालो, “गावकरीहो, मी सार करत होतो.” आणि पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही, एवढा हशा झाला.

तेव्हा फाउस्तिना उठली. चाती शेजारणीच्या हातात दिली, सरळ चौक ओलांडून माझ्यापुढे आली, आणि सगळ्यांसमोर माझी हॅट काढली. मग टोपी काढली. उलटीसुलटी करून बघितली, आतून बोटं फिरवली.

“कोणी विणली?”

“मीच.”

“केव्हा?”

“परवा.”

ती गावाकडे वळली. “आपल्यात मुलाने विणलेल्या टोपीत सासरा पाणी ओततो आणि ठिपकलं नाही तर मुलगी देतो. माझ्या बापाने या माणसाच्या टोपीत ओतलं होतं, तेव्हा मी भिंतीआडून बघत होते. आज बाप अरेकिपात आहे. म्हणून माझी मीच बघते.”

कोणीतरी हौदातून मडकं भरून आणलं. तिने चार थेंब धरणीमायला दिले आणि माझी टोपी पिशवीसारखी धरून आत पाणी ओतलं, काठोकाठ. मामा, सगळा चौक टोपीच्या बुडाकडे बघत होता. पांढरा शेंडा फुगून भोपळ्याएवढा झाला. थेंबसुद्धा पडला नाही. एकही नाही. तिने बराच वेळ धरून ठेवली (मुद्दाम, तुमची लेक ना ती), मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मुलगा पसंत आहे. पुन्हा.”

बायकांनी जो गलका केला तो पुनोपर्यंत गेला असेल. मी काय केलं ते लिहीत नाही. पंचाने डोळे पुसू नयेत असा काही नियम नाही, मी शोधून पाहिला.

पण ती तिथे थांबली नाही. “आता कापड सैल आहे का तेही बघू,” म्हणाली आणि तिने हाक मारली रुफिनाला. रुफिना कोण? मेलितोनशेठची धाकटी सून! लग्न होऊन आल्यापासून या पोरीचा आवाज कोणी ऐकला नव्हता. ती शाळेत येते हे सासऱ्याला माहीत नव्हतं, त्यांना वाटे ती मेंढ्यांमागे जाते. रुफिना उठली, पाठीवरची नवी विणलेली चादर सोडली. चौघींनी चार कोपरे धरले, मधे मडक्यातल्या उरलेल्या पाण्यातलं बरंचसं ओतलं. ते पाणी तिथेच राहिलं, आकाश दिसत होतं त्यात. फाउस्तिनाने विचारलं, “कोणी विणलं?” आणि ती पोर खणखणीत म्हणाली, “मी, रुफिनाने. कोपऱ्यात नाव आहे, वाचा.” मेलितोनशेठ वाचायला पुढे झाले नाहीत, पण त्यांचा मुलगा झाला. त्याने नाव मोठ्याने वाचलं आणि मग बापाकडे न बघता बायकोच्या शेजारी कोपरा धरून उभा राहिला.

हे इथेच संपलं असतं. पण दोमितिलाकाकी भिंतीकडून म्हणाल्या, “मडक्यात अजून थोडं आहे गं. शेठची टोपी राहिली.”

शेठ म्हणाले, त्यांना सर्दी आहे, टोपी काढता येणार नाही.

“मग नका काढू,” काकी काठी टेकत आल्या. “डोक्यावरच ओतते. विणकाम पक्कं असेल तर डोकं कोरडं राहील.” आणि शेठ नाही म्हणेपर्यंत ओतलं. एवढ्या वयाच्या बाईचा हात कोण धरणार? पाणी कानांवरून, मिशांवरून, गळ्यातून सरळ खाली. काकींनी ओली टोपी बोटांत चोळली, नाकाशी नेली आणि अगदी मायेने विचारलं, “ही तर बाजारातली, यंत्राची. बाबा, तुला मुलगी कोणी दिली?”

मी लगेच काठी आपटली आणि मत मागितलं. पंचाला वेळ साधता आली पाहिजे. कोठार बायकांना द्यावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा. मामा, ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. चौकातल्या प्रत्येक पुरुषाने एका हाताने आपली टोपी घट्ट दाबून धरली होती आणि दुसरा हात वर केला होता. काकी मडकं घेऊन मधेच उभ्या होत्या.

कोठार मिळालं. उंदीर हाकलले, छपराचं गवत आम्ही पुरुषांनी बदललं, आणि पहिल्या पावसाआधी सगळ्या खुंट्या आत गेल्या. दारावर पाटी नाही, पण आतून हाडांची ठकठक धक्क्यापर्यंत ऐकू येते आणि उतरणारी माणसं आपोआप तिकडे वळतात. आपल्या फाउस्तिनाला आता लोक पंचाची बायको म्हणत नाहीत. परवा पुनोहून आलेल्या एकाने मला विचारलं, तुम्ही विणकर फाउस्तिनाबाईंचे कोण? मी म्हटलं, “मी त्यांचा पसंत केलेला मुलगा.” अभिमान वाटला, मामा. तुम्हाला सांगायला लाज कसली. तुमची लेक म्हणून नव्हे आणि माझी बायको म्हणूनही नव्हे, नुसतं तिच्याकडे बघून वाटला.

अंगण आता मोकळं आहे. चुलीपासून खाटेपर्यंत सरळ चालत जाता येतं. करमत नाही. म्हणून दुपारी सुया घेऊन मी कोठाराच्या पायरीवर जाऊन बसतो. हल्ली तिथे बरेच पुरुष बसतात आणि सगळेच फार घट्ट विणतात.

तेओदोरोला आशीर्वाद, त्याच्या बायकोला नमस्कार, तुम्हाला पुन्हा टोपी काढून.

आपला,
सिप्रियान

ता.क. गाऱ्हाणं एवढं लांबवलं कारण मागणं जिभेवर येत नव्हतं. ऑगस्ट अजून कोराच आहे. दोमितिलाकाकी म्हणतात, जुनी खूण अचूक विणणारी बेटावर एकच बाई होती, माझ्या सासूबाई, फाउस्तिनाची आई. त्यांनी विणलेला पट्टा तुमच्या कमरेला आहे. त्यात आतून त्यांचे केस विणलेले आहेत आणि तो तुम्ही झोपतानाही सोडत नाही, हे मला माहीत आहे. त्या गेल्या त्या दिवशी तुम्ही म्हणालात, हा आता माझ्याबरोबरच जाईल. फाउस्तिना म्हणून मागत नाही. मागणार नाही म्हणते. पण कोठारात पोरी पट्टा विणत ऑगस्टपाशी आल्या की ती उठून बाहेर जाते, हे मी पायरीवरून बघतो. थोडे दिवस पाठवाल का? नाही म्हणालात तरी वाळवलेले बटाटे येतीलच.

ता.ता.क. हे पत्र तिने माझ्या खांद्यावरून वाचलं. आधी तो घेवडा मी सगळा खाल्ल्याबद्दल बोलली, मग तिने वरचा ताजा कलम दोनदा वाचला. आता ती सांगते आहे तसं लिहितो: पट्टा पाठवू नका. पट्टा बांधलेला माणूस पाठवा. कोठारात दाराशी, उजेडात, मेंढीचं कातडं घातलेली जागा ठेवली आहे. तिथे तुम्ही नुसते बसा, पट्टा सोडायचं कारण नाही, पोरी तुमच्या कमरेभोवती बसून ऑगस्ट शिकतील. धक्क्यापासूनच्या पायऱ्या तुम्हाला झेपणार नाहीत, म्हणून मी, सिप्रियान, तुम्हाला पाठीवर घेईन. तिने मला विणून दिलेला पट्टा ओझं उचलताना कंबर सावरायलाच रुंद आहे म्हणते.

ता.ता.ता.क. शेंडा अजून पांढराच आहे. लाल सूत आता भरपूर आलं आहे, पण ती म्हणते, बाबांनी पाणी ओतल्याशिवाय बदलायचा नाही. तोवर मी बेटावर बिनलग्नाचा हिंडतो आहे आणि विसेंताबाईंनी काल पुन्हा घेवडा पाठवला. लवकर निघा.